तीन जबाब, सात वाक्यं

माणसं जशी बोलतात तशी बोललेली माझ्या आत्याला कधी खपली नाहीत. घरात कुणी "अगं, ते हे आण ना" म्हटलं की ती जागची हलायची नाही. ते म्हणजे काय आणि हे म्हणजे काय ते आधी ठरवा, मग आणते, म्हणायची. माझी आई, म्हणजे तिची वहिनी, तिच्यासमोर शक्यतो हातवारे करूनच काम भागवायची. मी मात्र उलट बोलायचे. बाबा गेल्यावर दोन खोल्यांत आम्ही तिघीच राहिलो होतो. तिघींपैकी एकीने तरी भांडायला हवं, नाहीतर घराला घरपण कुठून येणार?

आत्या हवाई तळावर लघुलेखिका होती. तळावर चोरी झाली, मारामारी झाली, विमानाला काही झालं की चौकशी बसायची आणि एकेकाला आत बोलावून जबाब घेतले जायचे. टेबलामागे अधिकारी, समोर साक्षीदार आणि कोपऱ्यात मांडीवर वही घेतलेली आत्या. तिच्या खुर्चीचा एक पाय आखूड होता. त्याखाली तिने स्वतःच्या हाताने कागदाची घडी घातली होती आणि झाडूवाल्याला ती हलवायची सक्त मनाई होती. खिडकी दुरुस्तीच्या शेडकडे उघडायची. तिकडे इंजिन सुरू झालं की आत्या पेन्सिल धरलेला हात वर करायची आणि मोठेमोठे अधिकारी निमूट थांबायचे. या हाताचा तिला फार अभिमान होता.

जबाब लघुलिपीत उतरवायचा, मग टाइप करायचा, तीन प्रती काढायच्या आणि त्यावर साक्षीदाराची सही घ्यायची, एवढंच तिचं काम. पण टाइप करताना ती जबाब नीटनेटका करायची. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि कुणी अडवलंही नव्हतं. शिपाई म्हणायचा, "साहेब, गाडी धाडकन समोर आली, मला काही सुचेचना." आत्याच्या कागदावर यायचं, 'सदर वाहन अनपेक्षितपणे समोर आल्याने मला निर्णय घेण्यास अवधी मिळाला नाही.' सही करणारे खूश व्हायचे. एक आचारी तर स्वतःचा जबाब वाचून रडला होता म्हणे, आपण जन्मात इतकं चांगलं बोललो नव्हतो म्हणून. अधिकारीही खूश, कारण वाचायला त्रास नाही. बाईंचा कागद म्हणजे डोळे मिटून पुढे पाठवावा, असं तळावर सगळे म्हणायचे. सव्वीस वर्षं डोळे मिटूनच पाठवले त्यांनी.

आमच्या खालच्या मजल्यावर एक काकू राहायच्या. त्यांच्या मुलाला सगळी इमारत खुडबुड्या म्हणायची. लहानपणी त्याने आमचा रेडिओ उघडला होता आणि पुन्हा जोडल्यावर तीन स्क्रू हातात उरले होते, तरी रेडिओ आधीपेक्षा बरा वाजायला लागला. तेव्हापासून आत्याचा त्याच्यावर जीव होता. तो तिला मावशी म्हणायचा. हवाई दलात जायचा अर्ज तिनेच टाइप करून दिला. तो मालवाहू विमानावर रेडिओवाला झाला, तेव्हा जिना चढून आधी आमच्याकडे आला आणि मग स्वतःच्या आईकडे गेला. काकू याबद्दल पुढे कित्येक महिने आत्याला टोमणे मारायच्या, पण आतून त्यांना बरंच वाटलं होतं.

त्यानंतर चौथ्या वर्षी ते घडलं. स्वच्छ दुपार होती. विमान दूरच्या चौकीवर सामान टाकून परत येत होतं. आत चौघे होते. पुढे वैमानिक, त्याच्यामागे नकाशा घेऊन नेव्हिगेटर, मग आमचा खुडबुड्या, आणि शेपटाकडे रिकामी खोकी सांभाळणारा एक शिपाई. डाव्या हाताला त्यांना काहीतरी दिसलं. दिवसाढवळ्या, सूर्य उजवीकडे असताना, सूर्यापेक्षा लख्ख. वैमानिकाने त्याच्यामागे विमान वळवलं. अकरा मिनिटं ते त्याच्या मागे गेले, मग ते एकाएकी नाहीसं झालं आणि आपण कुठे आहोत हे कुणालाच कळेना. वाट सापडली तेव्हा इंधन संपत आलं होतं. धावपट्टीच्या अलीकडे एका शेतात विमान पोटावर उतरलं. पुढचे तिघे खरचटून बाहेर आले. मागचा शिपाई खोक्यांखाली सापडून मेला. त्याला दोन महिन्यांची मुलगी होती. नंतर सगळ्यांना तो उजेड तेवढा लक्षात राहिला, या माणसाचं नाव कुणी काढलं नाही, याचा मला अजून राग येतो.

दुसऱ्या दिवशी जबाब झाले. तिघांना तीन खोल्यांत ठेवलं होतं, दाराशी पहारा होता, आपापसात चकार शब्द बोलायचा नव्हता. आत्या सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच खुर्चीत बसून एकामागून एक ऐकत होती. हे सगळं तिने मला फार पुढे वहीतून वाचून दाखवलं. वैमानिक म्हणाला होता, "आधी वाटलं काचेला डाग पडलाय. हातमोज्याने पुसला. पुसला तरी जाईना." नेव्हिगेटर म्हणाला, "उशी असते ना साहेब, डोकं ठेवून ठेवून मधे बसलेली, तसं. म्हणजे तसं नाही, पण तसंच काहीतरी." आणि खुडबुड्या म्हणाला, "आईच्या खोलीतला बल्ब सैल झाला की लुकलुकतो, तसं करत होतं ते. मला उठून ते घट्ट पिळावंसं वाटलं." एकाने पाच मिनिटं सांगितली, एकाने वीस, एकाने अकरा. अकरा सांगणारा नेव्हिगेटर, त्याच्याकडे घड्याळ होतं.

आणखी एक गोष्ट तिघांनी सांगितली होती. वैमानिकाने सांगितलं की त्याच्या हाताची सावली उजव्या गुडघ्यावर पडली होती, म्हणजे ज्या बाजूने ऊन येत होतं त्याच बाजूला. नेव्हिगेटरच्या नकाशावर पेन्सिलीच्या दोन सावल्या पडल्या, आणि त्याला काही क्षण रेघ कोणती आणि सावली कोणती हेच समजेना. खुडबुड्याला आपल्या डोक्याची सावली उन्हाच्या खिडकीवर दिसली. "साहेब, उन्हाकडे कधी सावली पडते का?" असं त्याने अधिकाऱ्यालाच विचारलं होतं.

त्या संध्याकाळी आत्या टाइपरायटरसमोर बसली. शिपाई मेला होता, वरून चौकशीचं बोर्ड येणार हे तिला ठाऊक होतं. उशी आणि बल्ब बोर्डापुढे गेले तर आपल्या पोराचं हसं होईल, या एका विचाराने तिचा जीव टांगणीला लागला होता. नेहमी करायची त्याहून जास्त काळजी तिने घेतली. वस्तू कशी होती, किती वेळ दिसली, वेग काय होता, दिशा कोणती, याची सात वाक्यं तिने मनाशी घोळवून घोळवून जुळवली. 'सदर वस्तू लंबवर्तुळाकार, प्रकाशमान व अस्पष्ट कडांची होती', हे त्यातलं पहिलं. घड्याळाची अकरा मिनिटं तिघांना दिली. सावल्यांचं तिने काढूनच टाकलं, कारण तो तिला शुद्ध वेडेपणा वाटला. तीच सात वाक्यं तिने तिन्ही जबाबांत घातली, आणि घालताना आपण तिघांना सारखंच सावरतोय असं तिला वाटलं. तिघांनी वाचून सह्या केल्या. खुडबुड्याने तर आपल्या प्रतीची नीट घडी करून छातीच्या खिशात ठेवली.

बोर्ड आठवड्याने आलं. तिघे अधिकारी होते. अध्यक्ष किडकिडीत, सभ्य माणूस, कुणावर आवाज न चढवणारा. त्यांनी तिघा साक्षीदारांना वेगवेगळं बोलावून एकच विचारलं, हा जबाब तुमचाच का, हे शब्द तुमचेच का. तिघांनी हो म्हटलं. सही केलेला जबाब नाकारणं हा तिथे वेगळा गुन्हा असतो. शिवाय त्यांना तो जबाब आवडलाही होता. तिघांचा 'हो' आत्यानेच वहीत उतरवला, तेव्हाही तिला काही उमगलं नाही.

तिसऱ्या दिवशी अध्यक्षांनी तिला निष्कर्ष सांगायला घेतला. त्या वेळी तो थेट टाइपरायटरवरच घ्यायची पद्धत होती. साक्षीदार पूर्णपणे वेगळे ठेवलेले असूनही तिन्ही जबाबांतली सात वाक्यं शब्दशः एकच आहेत, असं तिने टाइप केलं. खऱ्या साक्षी इतक्या जुळत नाहीत, हे टाइप केलं. यावरून वाट चुकल्याचं आणि त्यापायी एक जीव गेल्याचं झाकण्यासाठी तिघांनी उतरण्यापूर्वीच ही गोष्ट रचून पाठ केली असं बोर्डाचं मत आहे, हेही टाइप केलं. तिघांना सेवेतून कमी करावं आणि कागदावर 'विश्वासास अपात्र' असा शेरा मारावा. पान संपलं, तिने ते काढून अध्यक्षांपुढे ठेवलं. त्यांनी वाचलं आणि तिचं कौतुक केलं. पानभर मजकुरात एकही चूक नव्हती.

तीन दिवस ती घरात कुणाशी बोलली नाही. चौथ्या दिवशी जेवायला बसल्यावर तिने एका दमात सगळं सांगितलं. मी ताटावरून उठले. तू माणसं जाळलीस, असं मी तिला म्हणाले, आणखीही पुष्कळ म्हणाले, त्यातलं काही मला आज आठवलं तरी लाज वाटते. आईने मात्र पहिल्यांदाच हातवारे न करता पूर्ण वाक्य उच्चारलं. ती म्हणाली, "वन्सं, उद्या जाऊन सांगून या."

ती गेली. तळावरचा तिचा साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने तिला बसायला सांगितलं, पाणी मागवलं, सगळं ऐकून घेतलं. मग त्याने विचारलं, "बाई, सव्वीस वर्षांत तुम्ही किती जबाब टाइप केलेत?"

आत्या म्हणाली, हजाराच्या वर असतील.

"सगळे असेच?"

तिने पाण्याचा पेला टेबलावर ठेवला.

"त्या जबाबांवर किती माणसांना शिक्षा झाल्यात? किती सुटलेत? तुम्ही हे एक लिहून दिलंत तर मला ते सगळे उघडावे लागतील. उघडू का? तुम्ही सांगा."

तिने वहीचा विषय काढला. वहीत प्रत्येकाचे शब्द जसेच्या तसे आहेत, म्हणाली. साहेबाने वही उघडून पाहिली. सव्वीस वर्षांत आत्याने लघुलिपीची मोडतोड करून स्वतःच्या सोयीची अशी लिपी बनवली होती की तळावरच्या दुसऱ्या कुणाला त्यातलं अक्षरही लागत नव्हतं. "हे तुम्हीच लिहिणार आणि तुम्हीच वाचणार," साहेब म्हणाला. "बोर्ड म्हणेल, बाईंच्या ओळखीचा मुलगा आहे." यात त्याचं काहीच चुकलं नव्हतं, हेच तर भयंकर होतं.

ती परत आली आणि हे सांगायला पुढे कुठे गेली नाही. जायला हवं होतं, असं मला तेव्हाही वाटत होतं, आताही वाटतं. हजार माणसांचं ओझं पेलवलं नाही, असं ती म्हणायची. मला विचाराल तर ती घाबरली. एवढं मात्र केलं की महिनाअखेर वापरलेल्या वह्या भट्टीत टाकून यादीवर तशी सही करायची असते, ती सही तिने केली आणि ती एक वही पिशवीतून घरी आणून शिलाई मशीनच्या खणात ठेवली. तिच्या हातून झालेली ती पहिली खोटी सही, निदान तिला माहीत असलेली.

खुडबुड्या घरी आला. तो शेरा असलेल्या माणसाला कोण काम देणार? शेवटी बाजारामागच्या गल्लीत रेडिओ दुरुस्तीच्या एका दुकानात तो बसायला लागला. लग्न जमलं होतं, ते मोडलं. एक दिवस काकू वर आल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. दारातच उभं राहून त्यांनी आत्याला विचारलं, "तू तिथे होतीस. एवढंच सांग, माझा मुलगा खोटं बोलला का?"

"नाही," आत्या म्हणाली.

काकू पुढचं काही ऐकायला मिळेल म्हणून थोडा वेळ थांबल्या. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, मीही बोलू शकले असते. बोलले नाही. काकू जिना उतरून गेल्या. त्यानंतर दीड वर्षाने त्या वारल्या, आणि ते 'नाही' एवढंच त्यांच्या पदरात पडलं.

नऊ वर्षांनी आत्या निवृत्त झाली. निरोपाच्या दिवशी तळाने तिला तिचाच जुना टाइपरायटर भेट दिला. घरी आणल्यावर दुसऱ्याच दिवशी तिने मशीनच्या खणातून वही काढली आणि तिन्ही जबाब पुन्हा टाइप करायला घेतले, या खेपेला जसेच्या तसे. एका जबाबाला तिला आठवडा लागला. कुणी 'म्हणजे' म्हणून थांबला असेल तर ते 'म्हणजे' ठेवायचं, हे तिच्या बोटांना जमेना. बोटं आपोआप वाक्य पुरं करायची, मग ती पान फाडून नव्याने सुरुवात करायची. सावल्यांपाशी आली तेव्हा तिने मला हाक मारली. तिघांच्या सावल्या तिने एकापाठोपाठ एक वाचून दाखवल्या आणि म्हणाली, "तिघांचं आपणहून जुळलं होतं ते एवढंच गं. तेवढंच मी काढून टाकलं." त्या दिवशी माझा तिच्यावरचा राग गेला. गेला म्हणजे कमी झाला.

कागद द्यायचे कुणाला? वैमानिकाची गाडी काही वर्षांपूर्वी भरधाव एका भिंतीवर गेली होती. तो अपघात होता की नव्हता, याची चौकशी कुणी केली नव्हती. नेव्हिगेटरला पाठवलेलं पत्र पत्ता सापडत नाही म्हणून परत आलं. उरला खुडबुड्या. तो खालीच राहत होता, पण आत्याने त्याला घरी गाठलं नाही. हे काम आहे, कामाच्या जागीच करायचं, म्हणाली. मला सोबत घेऊन ती दुकानात गेली.

दुकान एवढंसं होतं. फळीवर पोट उघडलेले रेडिओ, टेबलावर वाकवता येणारा दिवा, डिंकाचा आणि तापलेल्या शिशाचा वास. खुडबुड्याचे केस पार गेले होते. त्याने आमच्यासाठी स्टुलं रिकामी केली, चहा सांगितला. आत्याने काही प्रस्तावना न करता जे केलं होतं ते सांगितलं आणि कागद त्याच्यापुढे ठेवला. त्याने चष्मा लावून सगळा वाचला. दोनदा वाचला. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. तो चिडेल, रडेल, आम्हाला हाकलून देईल, या सगळ्याची मी तयारी ठेवली होती.

"मावशी, हे माझं नाही," तो म्हणाला.

आत्या म्हणाली, तुझंच आहे, तुझ्या तोंडचे शब्द आहेत.

"बल्ब? मी साहेबांसमोर आईच्या खोलीतल्या बल्बचं बोलेन?" तो जरा हसला. "ते लंबवर्तुळाकार होतं. प्रकाशमान. कडा अस्पष्ट. मला आजही डोळ्यांसमोर दिसतं."

आत्याने वही उघडली, ओळीवर बोट ठेवलं आणि वाचून दाखवलं. त्याने त्या रेघोट्यांकडे पाहिलं. इथे काय लिहिलंय ते तुम्हालाच कळतं, असं तो अगदी मायेने म्हणाला. मग तिने सावलीचं विचारलं. उन्हाच्या खिडकीवर तुझ्या डोक्याची सावली पडली होती, आठवतं का? टेबलावरच्या दिव्याखाली त्याने आपला हात धरला, उलटासुलटा केला, खाली पडलेली सावली पाहिली. एवढा वेळ पाहिली की मला आशा वाटायला लागली.

"नाही," तो म्हणाला. "असं काही नव्हतं."

मग त्याने खिशातून जुनी प्रत काढली. तीच, सही केलेल्या दिवशी घडी घातलेली. तिची आता चार तुकडे झालेली पानं त्याने टेबलावर जुळवून मांडली. इतक्या वर्षांत जो कुणी विचारायला आला, त्याला त्याने त्यातलंच सांगितलं होतं. बायका हसल्या, पोरं मागे लागली, एकदा वर्तमानपत्राचा माणूस येऊन टिंगल छापून गेला, तरी त्याने शब्द बदलला नव्हता. बदलणारा माणूस खोटा असतो, हे बोर्डाने त्याला शिकवलं होतं. आता त्याला खोटं ठरवणारी माझी आत्या होती.

"लोकांनी माझं सगळं घेतलं, मावशी," तो म्हणाला. "हा जबाब तेवढा माझा आहे. याला हात लावू नका." आणि थोड्या वेळाने, तुकडे गोळा करताना, "घड्यांवर फाटलाय बघा. मशीन आता घरीच आहे ना तुमच्याकडे? एक नवी प्रत काढून द्याल?"

आम्ही चालत घरी आलो. तिने हात धुतले, टाइपरायटरवरचं कापड काढलं, कागद चढवला. तुकडे शेजारी मांडून ठेवले होते, पण ती त्यांच्याकडे बघत नव्हती, सातही वाक्यं तिला पाठ होती. मी तिला म्हणाले, आत्या, हे पुन्हा नको लिहूस. हे खोटं आहे, तुला माहीत आहे.

"साक्षीदाराने सांगितलंय," ती म्हणाली.

तिने शेवटपर्यंत टाइप केलं आणि कागद काढून मला तपासायला दिला. मी त्याच्या तुकड्यांशी शब्दन् शब्द ताडून पाहिला. सव्वीस आणि नऊ, पस्तीस वर्षांच्या नोकरीत जे तिने एकदाही केलं नव्हतं ते त्या संध्याकाळी केलं होतं. साक्षीदाराने जे सांगितलं, ते तिने जसंच्या तसं टाइप केलं होतं.